पाचव्या ओळीतलं जांभूळ

आमच्या विभागाचा इतिहास छापून झाला आहे. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, आत आजवरच्या सगळ्या विभागप्रमुखांचे कोट घातलेले फोटो. शेवटून दुसऱ्या पानावर माझाही एक फोटो आहे. हातात कलमाचा चाकू, अंगावर लेकीच्या लग्नातली साडी, आणि खाली ओळ : 'विभागाच्या कुशल कर्मचारी'. या अंकाच्या संपादकांनी तो फोटो पाहूनच मला लिहायला सांगितलं. त्यांना वाटलं असावं, बाई खूश असतील, चार गोड आठवणी लिहितील. मी खूश नाही. त्या फोटोची मला लाज वाटते, आणि का वाटते ते सांगायलाच हे लिहिते आहे.

मी कृषी विद्यापीठाच्या फळबाग आणि वनशेती विभागात तीस-एकतीस वर्षं काम केलं. आधी रोजंदारीवर, मग कायम. निवृत्त झाले ती माळी म्हणून. घर देवळाली प्रवऱ्याजवळच्या वस्तीवर. आमच्याकडच्या बायका उसाच्या खुरपणीला जात, मी रोपवाटिकेत पिशव्या भरायला गेले, कारण तिथे सावली होती. एवढंच कारण. झाडांची आवड वगैरे नंतरची गोष्ट.

तेव्हा कलमाचा चाकू बायकांच्या हातात देत नसत. बायकांनी माती चाळायची, शेणखत मिसळायचं, काळ्या पिशव्या भरायच्या, पाणी घालायचं. बाईने बांधलेलं कलम जगत नाही, असं जुने माळी अगदी ठामपणे सांगायचे. मी त्यांना विचारलं, की पोरं आम्हीच जगवतो, मग काडी का नाही जगणार? त्यावर ते हसले, पण चाकू काही दिला नाही. तो दिला कदम सरांनी. ते तेव्हा विभागात नवीनच आले होते, अंगावरचा शर्ट चिखलाला घाबरत नव्हता, आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "सुमनबाई, तुमचा हात थरथरत नाही. बसा इथे." कदम सरांबद्दल पुढे मी बरंच वाईट लिहिणार आहे, म्हणून हे आधी लिहून ठेवते. मला हे काम त्यांनी शिकवलं.

ज्यांना कलम म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बी लावून आलेलं रोप आईसारखं निघेलच याची खात्री नसते. गोड आंब्याच्या कोयीतून आंबट झाड येतं. म्हणून ज्या झाडाची फळं हवीत त्याची काडी आणायची आणि दुसऱ्या साध्या रोपावर बसवायची. खालच्या रोपाला खुंट म्हणतात. खुंटाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर पाडायची, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं करायचं, ते त्या चिरेत बसवायचं आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. सालीला साल भिडली पाहिजे, बस. बाकी सगळं झाड करतं. दोन-तीन आठवड्यांत काडीला कोंब आला, की कलम लागलं.

खालचा खुंट मात्र फार हुशार असतो. वरची काडी मेली तरी तो बाजूने फुटतो, जोमाने वाढतो, आणि माणसाला वाटतं आपलं कलम काय छान आलंय. सुप्याहून एक गृहस्थ आले होते. कारखान्यातली नोकरी संपवून त्यांनी चार बोरं लावली होती, आमच्याच रोपवाटिकेतली. पाच वर्षांनी पिशवीभर बोरं घेऊन ते थेट माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, खाऊन दाखवा. ती रानबोरं होती, हरभऱ्याएवढी आणि तुरट. मी विचारलं, लावल्यावर काही झालं होतं का? म्हणाले, काही नाही, फक्त पहिल्या वर्षी शेळीने शेंडे खाल्ले होते. म्हणजे आमचं होतं ते शेळीने खाल्लं आणि उरलेलं यांनी पाच वर्षं खत-पाणी घालून वाढवलं. ते ऐकायला तयार होईनात, साहेबांकडे तक्रार केली. शेवटी सुट्टीच्या दिवशी मीच एसटीने सुप्याला गेले आणि त्या मोठ्या झाडांच्या नव्या फुटींवर चांगल्या बोराचे डोळे, म्हणजे सालीसकट काढलेल्या कळ्या, भरून दिले. आता दर संक्रांतीला त्यांच्याकडून बोरं येतात. तक्रार मात्र त्यांनी मागे घेतलेली नाही.

आता आमच्या विभागाबद्दल. नाव एक असलं तरी ती दोन घरं होती. फळबागवाले आधीचे. एक विहीर, एक पत्र्याची शेड आणि पेरू-बोरांच्या काही ओळी एवढ्यावर त्यांनी सुरुवात केली. वनशेतीवाले नंतर आले, सुबाभूळ, कडुनिंब, बांबू घेऊन. त्यांना जागा दिली ओढ्याच्या पलीकडची. पाण्याच्या पाळीवरून दोन्हीकडच्यांची सतत धुसफूस चालायची. चहाची वेळसुद्धा वेगळी. इतिहासाच्या पुस्तकात याला 'परस्परपूरक वाटचाल' असं म्हटलं आहे.

या दोन घरांमध्ये जांभूळ सापडलं. जांभूळ फळझाड की वनझाड? फळबागवाले म्हणत, लाकूड मिळतं, वनशेतीत टाका. वनशेतीवाले म्हणत, फळ खाता ना, मग तुमचं. शेवटी जांभळाच्या ओळी दोघांच्या मधल्या पट्ट्यात लागल्या, आणि प्रत्येकाने समजून घेतलं, की याची नोंद दुसऱ्याच्या रजिस्टरमध्ये असणार. कोणतं झाड कुठून आणलं, कुणाच्या शेतातून काडी आली, हे दोन्हीकडे कुणीच लिहिलं नाही. झाडांना तारेने पत्र्याच्या चकत्या बांधल्या होत्या. खोड जाड झालं तशा काही तारा तुटल्या, काही खोडात रुतून गेल्या. मोठमोठ्या पदव्या घेतलेली माणसं ही, आणि सगळी मिळून एक पूर्ण बाग हिशेबाबाहेर विसरली. शिक्षण कमी असलेल्या माणसाला ही चूक जमली नसती.

त्या बागेची नोंद फक्त माझ्याकडे होती. लेकीची तिसरीतली वही, पुढच्या बाजूला तिचे पाढे, मागच्या बाजूने माझी जांभळं. मला नंबर लक्षात राहत नसत. काड्या ज्यांच्याकडून आल्या त्या माणसांची नावं लक्षात राहत. म्हणून मी ओळ, झाड आणि पुढे माणसाचं नाव असं लिहीत गेले. त्यात एक नोंद अशी : पाचवी ओळ, तिसरं झाड, हिराबाई, अकोले.

हिराबाईकडे मी स्वतः गेले होते. कदम सरांनी अकोल्याच्या बाजारात श्रावणात जांभळं पाहिली. बाकी सगळीकडे तेव्हा जांभळाचा मोसम संपून गेलेला असतो, आणि ही जांभळं टपोरी, गराची, बी लहान. विचारत विचारत ते झाडापर्यंत पोचले आणि पुढच्या आठवड्यात काड्या कापायला मला जीपमध्ये घालून घेऊन गेले. भंडारदऱ्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात भातखाचरं, आणि एका बांधावर ते झाड. हिराबाई तेव्हा साठीची असेल. गुडघाभर चिखलात उभी होती. आम्हाला पाहून वर आली, आणि आधी झाडाच्या बुंध्यावरच्या दोन जुन्या खोल खुणा दाखवल्या.

झाडाची सावली भातावर पडायची म्हणून तिच्या सासऱ्याने दोनदा कुऱ्हाड लावली होती. पहिल्यांदा ती रडली. दुसऱ्यांदा रडली नाही, झाडाला पाठ लावून उभी राहिली. सासरा कुऱ्हाड टाकून निघून गेला आणि वर्षभर तिच्याशी बोलला नाही. हे सगळं तिने अगदी सहज सांगितलं, जसं दुसरी कुणी म्हशीचं आजारपण सांगेल.

मी काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. निघताना ती म्हणाली, "लागंल तेवढ्या न्या. पन तिकडं याची झाडं झाली तर सांगा, हे हिराबाईनं राखलेलं हाय."

कदम सर खूश होते, तोंड जांभळं झालेलं होतं. ते म्हणाले, "आजी, झाडाला तुमचंच नाव देऊ."

त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं. ते आपणहून बोलले. हिराबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळली. "तू ध्येनात ठिव पोरी. सायेब लोकांच्या बदल्या व्हत्यात."

मी मान हलवली. नावाच्या बाबतीत मी आधीपासून जरा हट्टी आहे. आमच्या वस्तीला गावाने दिलेलं एक नाव होतं आणि आमच्या माणसांनी स्वतः ठेवलेलं दुसरं. माझ्या वडिलांचं अर्धं आयुष्य कागदोपत्री ते दुसरं नाव लावून घेण्यात गेलं. तलाठ्याच्या दारात ते किती वेळा उभे राहिले ते मी पाहिलं आहे. त्यामुळे कुणाचं नाव लिहायचं राहिलं, असं कुणी म्हटलं की मला ते लहानसं काम वाटत नाही.

त्या काड्यांतल्या फक्त तीन लागल्या. दोन पुढे दुष्काळात गेल्या. मधल्या पट्ट्यात कुणाचीच पाइपलाइन पोचत नव्हती, कारण ती बाग कुणाचीच नव्हती. आम्ही तिघी बाया डोक्यावरून हंडे नेऊन घालत होतो. उरलेलं एक झाड म्हणजे पाचव्या ओळीतलं तिसरं. ते जगलं, वाढलं, आणि सातव्या की आठव्या वर्षी श्रावणात लगडलं. मी पहिली ओंजळ कदम सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

पुढे कदम सरच विभागप्रमुख झाले. माझ्या निवृत्तीला आठ-नऊ महिने राहिले असताना त्यांनी मला बोलावलं. दोन कामं एकदम निघाली होती. त्या जांभळाचा नवा वाण म्हणून प्रस्ताव पाठवायचा होता, आणि विभागाचा इतिहास छापायचा होता. दोन्हीसाठी झाड कुठून आलं त्याची लेखी नोंद लागणार, सरांची आठवण चालणार नव्हती. कपाटं उघडली, रजिस्टरं झटकली, फळबागवाल्यांनी वनशेतीवाल्यांकडे बोट दाखवलं, त्यांनी यांच्याकडे. मग कुणाला तरी माझी वही आठवली.

सर म्हणाले, ती वही विभागाची मालमत्ता आहे, जमा करा. मी म्हटलं, पुढच्या बाजूला बारापर्यंत पाढे आहेत, तेही जमा करू का? ते हसले. मग मी सरळ सांगितलं, की वही मिळेल, पण त्यातली नावं तशीच गेली पाहिजेत. विशेषतः हिराबाईचं. ते म्हणाले, वाणाला माणसाचं नाव द्यायचं तर त्याला नियम आहेत, समिती आहे. मी म्हटलं, वाणाला नका देऊ, पण झाड कुणाच्या बांधावरचं ते तरी लिहा. ते म्हणाले, लिहू की. आणि लगेच म्हणाले, तुमचाही फोटो टाकायचा आहे पुस्तकात, उद्या चांगली साडी नेसून या.

इथे मी चुकले. दुसऱ्या दिवशी मी साडी नेसून गेले, चाकू धरून उभी राहिले, आणि वही टेबलावर ठेवून आले. लेखी घेतलं नाही. ज्याने चाकू हातात दिला त्याच्याकडे लेखी काय मागायचं, असं वाटलं. घरी येऊन मी हिराबाईच्या मुलाला फोन केला. शिवार फेरीला आजीला घेऊन या, झाडाखाली पाटी लागणार आहे, असं मी त्याला सांगितलं.

शिवार फेरी म्हणजे विद्यापीठाची जत्राच. गावोगावचे शेतकरी टेम्पो, एसटी, मोटारसायकली करून येतात, बागा-पिकं पाहतात, शास्त्रज्ञांना अडवून प्रश्न विचारतात. त्या सकाळी इतिहासाचं प्रकाशन झालं. माझ्या हातात एक प्रत आली. मी आधी स्वतःचा फोटो पाहिला, हे कबूल करते. मग जांभळाचं पान काढलं. तिथे लिहिलं होतं : 'विभागाच्या संकलनातून निवड पद्धतीने विकसित.' बागेत गेले तर नव्या फलकावरही तेच वाक्य, वर वाणाचं नाव, खाली विभागाचं. वहीतल्या ओळीमुळे झाडाची नोंद सापडली आणि वहीतलं नाव गळलं. माझा फोटो मात्र व्यवस्थित होता.

मी सरांना मंडपामागे गाठलं. ते म्हणाले, मसुदा वरून बदलून आला, पुढच्या आवृत्तीत बघू, आणि आज पाहुणे आहेत तेव्हा आज विषय नको. मी विचारलं, ती म्हातारी पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबणार आहे का? तेवढ्यात त्यांना कुणीतरी माइककडे घेऊन गेलं.

हिराबाई अकराच्या सुमारास आली. नऊवारी, हातात काठी, सोबत सून. मला वाटत होतं ती ओळखणार नाही, पण तिनेच हाक मारली. मी तिला पाचव्या ओळीत नेलं. ती झाडाकडे बघत राहिली, बुंध्यावरून हात फिरवला, सांध्याची जागा बोटांनी चाचपली, वर बघून फांद्या मोजल्यासारखं केलं. म्हणाली, सावली चांगली हाय. एवढ्यात कदम सर पंचवीस-तीस शेतकऱ्यांना घेऊन त्याच ओळीत आले. त्यांनी हिराबाईला ओळखलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं.

हिराबाईने काठीने फलक दाखवला. तिला वाचता येत नाही. "पाटीवर काय लिव्हलंय?" तिने मला विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय करावं असं त्यांना वाटत होतं ते मला स्पष्ट समजलं. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. तुमचं नाव लिहिलंय, एवढं म्हटलं असतं तर म्हातारी समाधानाने घरी गेली असती आणि तिला कधीच कळलं नसतं. क्षणभर मलाही ते बरं वाटलं. पण वाचता न येणाऱ्या माणसाला कागदावर नाही ते वाचून दाखवणं काय असतं, हे माझ्या वडिलांनी तलाठ्याच्या दारात भोगलं होतं. मी फलक शब्द न् शब्द वाचून दाखवला.

तिने लक्ष देऊन ऐकलं. रागावली नाही. तिला वाटलं, मीच तिला चुकीच्या झाडापाशी आणलं. "मंग हे माझं न्हाई," ती म्हणाली. "माझं कुठं हाय?"

मी कमरेच्या पिशवीतून लेबलं लिहायचा जाड मार्कर काढला. "हेच तुमचं आहे, आजी. लिहायचं राहिलंय, थांबा." आणि विभागाच्या नावाच्या वर जेवढी जागा होती तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं : हे झाड अकोल्याच्या हिराबाईने राखले. लिहून झाल्यावर तेही मोठ्याने वाचून दाखवलं. सर मागून "सुमनबाई, सुमनबाई" म्हणत होते. माझा हात थरथरला नाही.

शेतकऱ्यांनी मग सरांना सोडलं आणि हिराबाईला धरलं. पाणी किती, माती कसली, मोहर कधी, वटवाघळं येतात का. ती झाडाला टेकून उभी राहिली आणि एकेकाला उत्तरं देत होती. तिच्या सासऱ्याची आणि कुऱ्हाडीची गोष्ट तिने तिथे पुन्हा सांगितली, आणि एका पारनेरच्या माणसाने ती मोबाईलवर घेतली. आता रोपवाटिकेच्या खिडकीवर लोक येतात ते वाणाचं छापील नाव विचारत नाहीत. हिराबाईचं जांभूळ द्या म्हणतात. फलक अजून तसाच आहे. पुसायचा तर का पुसला ते फायलीत लिहावं लागेल, आणि ते लिहायला कुणी तयार नाही.

मला चौथ्या दिवशी मेमो आला. शासकीय मालमत्तेचे विद्रूपीकरण केले, सात दिवसांत खुलासा करावा. इतक्या वर्षांत पहिलाच. मी त्याच संध्याकाळी खुलासा लिहिला आणि सकाळी स्वतः नेऊन दिला. त्यात एवढंच होतं : 'फलकावर मी लिहिले हे खरे आहे. झाडाला तुमचे नाव देऊ, असे विभागाने हिराबाईंना त्यांच्या बांधावर उभे राहून सांगितले होते. मी तेव्हा शेजारी होते. विभागाचे राहिलेले काम मी पूर्ण केले.'

कदम सरांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हळूच म्हणाले, "यात 'विभागाने' असं नको. 'एका अधिकाऱ्याने' असं करा."

मी म्हटलं, "करते, सर. पण मग अधिकाऱ्याचं नावही लिहावं लागेल."

त्यांनी कागद होता तसाच ठेवून घेतला.